घरासाठी बॅटरी घ्यायचीय? आधी तुमची रात्र मोजा

सोलर आणि बॅटरीबद्दल कुणीही विचारलं की पहिला प्रश्न ठरलेला असतो, किती किलोवॅटची घेऊ? आणि माझं उत्तरही ठरलेलं असतं, की आधी सांगा सूर्य मावळल्यापासून परत उगवेपर्यंत तुमच्या घरात किती युनिट जळतात. बहुतेकांना महिन्याचं बिल तोंडपाठ असतं पण रात्रीचा आकडा कुणालाच माहीत नसतो, आणि बॅटरी तर रात्रीसाठीच असते. दिवसा पॅनल चालू आहेत तोवर बॅटरीचं काम फक्त भरून घ्यायचं. म्हणून हा लेख मोजण्यापासून सुरू करतोय, खरेदी बरीच खाली येईल, घाई असली तरी मधलं गाळू नका.

एक गोष्ट आधी डोक्यात पक्की बसवा, किलोवॅट आणि युनिट या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. किलोवॅट म्हणजे वीज किती जोरात वाहतेय, आणि युनिट म्हणजे किलोवॅट-तास, एकूण किती वाहिली. नळाची धार आणि टाकीतलं पाणी. इन्व्हर्टर (पॅनल-बॅटरीची वीज घरातल्या उपकरणांना चालेल अशी करणारा डबा) किलोवॅटमध्ये मोजतात, बॅटरी युनिटमध्ये, आणि विकणारे लोक "५ किलोवॅटची सिस्टीम" म्हणतात तेव्हा ते पॅनलचं बोलतायत का इन्व्हर्टरचं का बॅटरीचं हे दर वेळी विचारून घ्यायचं, कारण तिन्हीचा आकडा ५ असू शकतो आणि तिन्हीचा अर्थ वेगळा.

पायरी १: रात्र मोजा

सोपी पद्धत. संध्याकाळी ऊन गेलं की मीटरचं रीडिंग लिहा, सकाळी ऊन चांगलं वर आलं की परत लिहा, वजाबाकी करा. हे किमान आठवडाभर करा आणि जमलं तर उन्हाळ्यात एकदा आणि थंडीत एकदा, कारण दोन्ही रात्री सारख्या नसतात. आता हा झाला एकूण आकडा, पण तो कशाने बनलाय हे कळायला प्लगमध्ये लावायचा एनर्जी मीटर मिळतो तो घ्या, फ्रीज-टीव्ही-राऊटर एकेक करून एकेक दिवस त्यावर लावा. फ्रीजवर लिहिलेले वॅट बघून गुणाकार करू नका, कॉम्प्रेसर चालू-बंद होत असतो, म्हणून फ्रीज मोजायचाच.

उदाहरण घेऊ, १२-१३ तासांची रात्र धरून. फ्रीज ०.६ युनिट. साधे ७५ वॅटचे ३ पंखे ८ तास म्हणजे १.८ युनिट. ९ वॅटचे ५ एलईडी दिवे ४ तास, ०.१८. टीव्ही १०० वॅट ३ तास, ०.३. लॅपटॉप ०.१५, राऊटर ०.१२. आणि एक गोष्ट जी कुणीच धरत नाही ती म्हणजे इन्व्हर्टर स्वतः, नुसता चालू राहायला तो ४०-५० वॅट खातो, रात्रभरात ०.५ युनिट. एकूण साधारण ३.६ युनिट.

आता तेच ३ पंखे बीएलडीसी (कमी वीज खाणाऱ्या मोटरचे) केले, ३० वॅटवाले, तर १.८ चे ०.७२ होतात. एका झटक्यात १ युनिटहून जास्त कमी. म्हणून माझं ठाम मत आहे की बॅटरीच्या पैशातला पहिला भाग पंखे, दिवे आणि जुना फ्रीज बदलण्यात घालवा, वाचलेलं युनिट साठवावं लागत नाही, त्याला वॉरंटी लागत नाही, ते जुनंही होत नाही.

आणि एसी? दीड टनाचा इन्व्हर्टर एसी रात्रभर चालला तर ५-६ युनिट सहज घेतो, म्हणजे बाकीचं सगळं घर मिळून जेवढं घेतं त्याच्या दीडपट एकटा एसी. एसी बॅटरीवर हवा का नको हा निर्णय वेगळा आणि शांतपणे घ्या, कारण तो एकच निर्णय बॅटरी दुप्पट-अडीचपट करतो.

पायरी २: जे दिवसा ढकलता येईल ते ढकला

ही पायरी लोक सोडून देतात आणि मला त्याचं खरंच वाईट वाटतं कारण इथे पैसे जवळजवळ लागतच नाहीत. वॉशिंग मशीन, इस्त्री, पाण्याचा पंप, गाडीचं चार्जिंग, हे सगळं दुपारी ११ ते ३ मध्ये लावलं की वीज पॅनलमधून थेट वापरली जाते, बॅटरीतून जाऊन यायचा तोटा वाचतो.

सगळ्यात मोठा मासा म्हणजे गरम पाणी. १०० लिटर पाणी ३० अंशांनी तापवायला साधारण ३.५ युनिट लागतात, म्हणजे वर मोजली तेवढी अख्खी रात्र! तेच पाणी दुपारी तापवून चांगल्या इन्सुलेशनच्या टाकीत ठेवलं तर ती टाकी हीच तुमची बॅटरी झाली, आणि टाकीला हजारो सायकलनंतर, म्हणजे हजारो वेळा भरून-रिकामी झाल्यावरही, काही होत नाही. छतावर जागा असेल तर सोलर वॉटर हीटर आणखी बरा, कारण उन्हाची सरळ उष्णता करताना बरंच कमी वाया जातं, उलट पॅनल उन्हातल्या सुमारे पाचव्या हिश्श्याचीच वीज करतं.

कुणी कुणी विचारतात की मग वरच्या टाकीत पाणी चढवून रात्री खाली सोडत टर्बाईन फिरवलं तर? हिशोब करून बघा. १००० लिटर पाणी १० मीटर उंचीवर नेलं की त्यात जेमतेम २७ वॅट-तास साठतात, एक साधा पंखा २० मिनिटं. डोंगरातल्या धरणांना हे जमतं कारण तिथे पाणी आणि उंची दोन्ही अफाट असतं, घराच्या टाकीला नाही जमत.

पायरी ३: छतावर खरंच किती पिकतं ते बघा

आजची पॅनल पडलेल्या उन्हातल्या २० ते २२ टक्क्यांची वीज करतात, चांगली त्याहून थोडी जास्त. कागदावरची ताकद १००० वॅट प्रति चौरस मीटर ऊन आणि सेलचं (पॅनलमधल्या वीज करणाऱ्या चकत्यांचं) तापमान २५ अंश धरून काढलेली असते, त्यामुळे १ किलोवॅटला निव्वळ ५ चौरस मीटर काच लागते, पण सपाट गच्चीवर रांगांमधलं अंतर, सावली, चालायची वाट धरली तर ८ ते १० चौरस मीटर मोकळे हवेत.

आणि प्रत्यक्षात सेल २५ अंशांवर कधी नसतात. भर उन्हात ६५ अंशांपर्यंत जातात, दर अंशाला साधारण ०.३५ टक्के ताकद कमी होते, म्हणजे ४० अंश जास्त झाले की १४ टक्के गेले. म्हणून पॅनल छताला चिकटवून बसवू नका, खालून हवा खेळली पाहिजे.

तुमच्या जागेचा अंदाज घ्यायला ग्लोबल सोलर ॲटलस आणि पीव्हीजीआयएस ही दोन मोफत साधनं आहेत, पहिलं जागतिक बँकेचं, दुसरं युरोपियन कमिशनचं. नकाशावर घर टाका, पॅनलचा कल आणि दिशा टाका, महिन्यागणिक युनिट मिळतात. वर्षाची सरासरी बघून खूश होऊ नका, सगळ्यात वाईट महिना बघा, ढगांचा किंवा थंडीचा, कारण बॅटरी उपाशी राहते ती त्याच महिन्यात. चांगल्या महिन्यात १ किलोवॅट दिवसाला ४.५ युनिट देत असेल आणि वाईट महिन्यात २.५, तर दिवसाला ८.५ युनिट हवी असणाऱ्या घराला एका हिशोबाने २ किलोवॅट पुरतात आणि दुसऱ्या हिशोबाने ३.४ लागतात. मी तरी पॅनल थोडे जास्त आणि बॅटरी थोडी कमी या बाजूचा आहे. बॅटरीने फक्त रात्र ओलांडायची, ऋतू ओलांडायला ती नाही, उन्हाळ्यातलं ऊन साठवून पावसाळ्यात वापरू असं घरच्या बॅटरीने होत नाही.

दिशेचं म्हणाल तर विषुववृत्ताच्या उत्तरेला पॅनल दक्षिणेकडे तोंड करून आणि कल साधारण त्या जागेच्या अक्षांशाएवढा, दक्षिण गोलार्धात उलट, वर्षाचं जास्तीत जास्त असंच मिळतं. पण अर्धे पूर्वेला आणि अर्धे पश्चिमेला लावले तर एकूण थोडं कमी मिळतं खरं, मात्र सकाळी लवकर सुरू होतं आणि संध्याकाळी उशिरापर्यंत चालतं, म्हणजे रात्रच छोटी होते आणि बॅटरी लहान चालते. बॅटरी घेणाऱ्याने हा विचार नक्की करावा.

सावली मात्र जीव घेते. पॅनल सिरीजमध्ये जोडलेले असतात, एका कोपऱ्यावर पाईपची किंवा अँटेनाची सावली पडली की त्या पॅनलचा तिसरा हिस्सा तरी बायपास होतो, म्हणजे वीज देत नाही, कधी जास्त. सकाळी ९, दुपारी १२, ३ आणि ५ ला गच्चीवर जाऊन फोटो काढा, एवढं तरी कराच.

वारा आणि पाणी? वाऱ्याची ताकद वेगाच्या घनाने बदलते. २ मीटर व्यासाची पवनचक्की ४ मीटर प्रति सेकंद वाऱ्यात जेमतेम ३५-४० वॅट देईल आणि ८ मीटरला ३०० च्या आसपास, म्हणजे वेग दुप्पट तर ताकद आठपट. घरांच्या गर्दीत वारा मंद आणि घुसळलेला असतो, तिथे पवनचक्कीवर पैसे घालू नका. उघड्या टेकडीवर किंवा समुद्रकाठी घर असेल तर वर्षभर वारा मोजा आणि मग ठरवा. वाहता ओढा असेल तर तुम्ही नशीबवान, सेकंदाला १० लिटर पाणी आणि १० मीटर उतार असला की सगळा तोटा जाऊन ५०० वॅटच्या जवळ मिळतात, दिसायला कमी, पण ते २४ तास, म्हणजे दिवसाला जवळजवळ १२ युनिट आणि रात्रीसुद्धा चालू, बॅटरी अगदी छोटी पुरते.

पायरी ४: बॅटरी कुठली आणि केवढी

घरासाठी आज दोनच प्रकारांचा गंभीरपणे विचार करायचा, लीड-ॲसिड, त्यातली ट्युब्युलर, आणि लिथियम आयर्न फॉस्फेट म्हणजे एलएफपी. लीड-ॲसिड १८५९ पासून आहे, स्वस्त आहे, दुरुस्त करणारे सगळीकडे आहेत, पण निम्म्याखाली उतरवली की आयुष्य भराभर कमी होतं, त्यामुळे १२ व्होल्ट १५० एएचची (एएच म्हणजे अँपिअर-तास, व्होल्टने गुणलं की वॅट-तास) बॅटरी कागदावर १.८ युनिट असली तरी रोजच्या वापराला ०.९ धरायची, शिवाय भरलेल्या विजेतला पाचवा भाग तरी आत-बाहेर करण्यात जातो. वरून डिस्टिल्ड वॉटर, आणि चार्जिंगला निघणारा हायड्रोजन, जो हवेत ४ टक्क्यांवर गेला की पेट घेऊ शकतो. वर्षात चार-दोनदा लाईट जाते तेवढ्यापुरती बॅटरी हवी असेल तर अजूनही ठीक आहे. रोज रात्री वापरायची असेल तर एलएफपीच.

लिथियममध्येही एनएमसी नावाचा दुसरा प्रकार आहे, वजनाच्या मानाने जास्त वीज साठवतो म्हणून गाड्यांत चालतो. भिंतीला टांगलेल्या बॅटरीचं वजन कमी असून आपल्याला काय मिळणार? एलएफपी जास्त तापमानापर्यंत शांत राहते आणि सायकलही जास्त देते, म्हणून घरात तीच.

आता केवढी. वरची ३.६ युनिटची रात्र घ्या. बॅटरी ९० टक्केच वापरायची म्हणून ०.९ ने भागा, ४. इन्व्हर्टरमधला तोटा म्हणून ०.९३ ने भागा, ४.३. आणि काही वर्षांनी क्षमता ८० टक्क्यांवर येईल तेव्हाही रात्र निघाली पाहिजे म्हणून ०.८ ने भागा, ५.४. बाजारात ५१.२ व्होल्ट १०० एएचचा पॅक सर्रास मिळतो, तो ५.१२ युनिटचा, म्हणजे एक पॅक जवळजवळ पुरला. पंखे बदललेल्या घराला हाच हिशोब ३.८ वर येतो. ३ पंख्यांनी बॅटरी दीड युनिटहून जास्त लहान केली, म्हणून मघाशी एवढं सांगत होतो.

मोठी घेऊन ठेवू, बरी असते, हा मोह टाळा. एलएफपीचे पॅक नंतर समांतर जोडता येतात, फक्त मॉडेल तेच मिळेल ना आणि किती वर्षांनंतर जोडलेलं कंपनीला चालतं हे खरेदीच्या आधी लेखी घ्या.

धारही तपासा. ५.१२ युनिटचा पॅक ०.५ सी चा (म्हणजे क्षमतेच्या आकड्याच्या निम्मे किलोवॅटच देणारा) असेल तर सलग अडीच किलोवॅटच देईल, मग त्यावर ५ किलोवॅटचा इन्व्हर्टर लावून उपयोग काय. पंप आणि फ्रीज सुरू होताना काही क्षण नेहमीच्या कितीतरी पट करंट ओढतात, १ एचपीचा पंप चालताना साधारण ७५० वॅटचं काम करतो पण सुरू होताना इन्व्हर्टरला खाली बसवू शकतो. पंप शक्यतो बॅटरीच्या लाईनवर ठेवूच नका.

पायरी ५: हे पैशात बसतं का

वॉरंटीत सायकल लिहिलेल्या असतात, ६००० म्हणू. वापरायची क्षमता ४.६ युनिट (५.१२ च्या ९० टक्के) गुणिले ६०००, जुनं होत जाण्याचा भाग वजा करून साधारण २५,००० युनिट आयुष्यभरात. बॅटरीच्या किमतीला याने भागा, मिळाला साठवलेल्या एका युनिटचा भाव. पण रोज एक सायकल धरली तरी ६००० ला १६ वर्षं लागतात आणि वॉरंटी बहुतेक १० वर्षांची असते, म्हणून ६००० ऐवजी ३६५० सायकल धरूनही हाच भाव काढून बघा, तो आकडा जास्त प्रामाणिक.

आता तुमच्याकडे ग्रिडला, म्हणजे वीज कंपनीच्या लाईनला, दिलेल्या युनिटचा काय भाव मिळतो ते बघा. दिलेलं युनिट जर घेतलेल्या युनिटाएवढंच मोजलं जात असेल तर ग्रिड हीच फुकटची बॅटरी, मग तुमची बॅटरी फक्त लाईट गेल्यावरची सोय, तेवढीच लहान घ्या. देताना भाव कमी आणि घेताना जास्त, किंवा संध्याकाळचा दर दुपारपेक्षा चढा, अशा ठिकाणी बॅटरी कमावते, आणि त्या दोन दरांतला फरक साठवलेल्या युनिटच्या भावापेक्षा जास्त असला पाहिजे. नसेल तर मनाची शांती म्हणून घ्या, पण कमाई होणार असं समजून घेऊ नका.

पायरी ६: बसवणं

इथे एक गैरसमज हजारदा बघितलाय. साधा ऑन-ग्रिड इन्व्हर्टर असेल तर लाईट गेली की छतावर कडक ऊन असूनही घर अंधारात, कारण लाईनवर काम करणाऱ्या माणसाला शॉक बसू नये म्हणून तो स्वतःला बंद करून घेतो. ही सुरक्षा आहे, बिघाड नाही. लाईट गेल्यावरही चालायला हवं असेल तर हायब्रिड इन्व्हर्टर घ्या, ज्याला बॅकअपचं वेगळं आउटपुट असतं, किंवा आधीच ऑन-ग्रिड असेल तर एसी बाजूला (एअर कंडिशनर नव्हे, घरातल्या नेहमीच्या विजेच्या वायरिंगला) जोडायची बॅटरी सिस्टीम. घराच्या बोर्डात जरुरीच्या लोडची वेगळी लाईन काढून घ्या, फ्रीज, पंखे, दिवे, राऊटर. गीझर आणि इस्त्री बाहेर.

बॅटरीची बाजू ४८ व्होल्टचीच ठेवा. ३ किलोवॅटला ४८ व्होल्टवर ६०-६५ अँपिअर लागतात आणि १२ व्होल्टवर २५०, त्या केबल सांभाळणं घरातल्या माणसाचं काम नाही.

आणि आता जोडण्या, इथे जरा थांबतो कारण माझ्या स्वतःच्या सिस्टीममध्ये बसवणाऱ्याने एक लग (केबलच्या टोकाचा धातूचा कान) अर्धवट आवळलेला होता, काही महिन्यांनी केबलचं आवरण तपकिरी झालेलं दिसलं. सैल जोडणीत ५ मिलिओहमचा जरी विरोध राहिला तरी ६० अँपिअरला तिथे १८ वॅट उष्णता तयार होते, लहान सोल्डरिंग आयर्न नटाशेजारी सतत चालू ठेवल्यासारखं. म्हणून लग केबलवर नीट दाबून (क्रिंप करून) बसवलेले हवेत, नट टॉर्क पाना वापरून मॅन्युअलमधल्या आकड्यावर आवळलेले, आणि महिन्याभराने परत तपासलेले. बॅटरीच्या अगदी जवळ फ्यूज हवाच, लिथियमला टी क्लासचा (प्रचंड करंट झटकन तोडणारा), कारण शॉर्टसर्किटला ती हजारो अँपिअर देऊ शकते. डीसी बाजूला (पॅनल-बॅटरीची एकाच दिशेने वाहणारी वीज) डीसीचाच एमसीबी लावा, एसीमध्ये करंट सेकंदाला १०० वेळा शून्यावर येतो म्हणून ठिणगी विझते, डीसीमध्ये ती विझत नाही आणि साधा एमसीबी आतून जळतो. पॅनलचा ओपन सर्किट व्होल्टेज (लोड नसतानाचा) थंडीत वाढतो, तो वाढलेला आकडासुद्धा इन्व्हर्टरच्या मर्यादेत बसतो का हे विचारा. अर्थिंग आणि सर्ज प्रोटेक्शन याबद्दल घासाघीस करू नका. ग्रिडला जोडायचं काम परवाना असलेल्या माणसाकडूनच, आणि वीज कंपनीची परवानगी घेऊनच.

कागदांत बॅटरीला आयईसी (आंतरराष्ट्रीय विद्युत मानक) ६२६१९, पॅनलला आयईसी ६१२१५ आणि ६१७३०, इन्व्हर्टरला आयईसी ६२१०९ हे बघा. नुसता शिक्का बघून गप्प बसू नका, प्रमाणपत्रावरचा मॉडेल नंबर खोक्यावरच्या नंबराशी जुळवा.

जागा कुठली? झोपायच्या खोलीत नाही, जिन्याखाली नाही, बाहेर पडायच्या वाटेवर नाही, उन्हात नाही. एलएफपीला १५ ते ३० अंश मानवतं, आणि शून्याखाली लिथियम चार्ज करायची नसते, बीएमएस (बॅटरीतलं नियंत्रण सर्किट) ते अडवतो का विचारून घ्या. भिंत न जळणारी, वर स्मोक डिटेक्टर. पॅक फुगला, गोडसर किंवा केमिकलचा वास आला, तर जवळ जाऊन बघत बसू नका, माणसं बाहेर काढा आणि अग्निशमनला फोन करा.

पायरी ७: चालू केल्यावर

बॅटरी आणि इन्व्हर्टर एकमेकांशी बोलतात का बघा, कॅन किंवा आरएस ४८५ ची केबल नुसती लावून होत नाही, सेटिंगमध्ये बॅटरीचा योग्य प्रकार निवडावा लागतो, नाहीतर इन्व्हर्टर लीड-ॲसिडच्या व्होल्टेजने एलएफपी भरत बसतो. बसवणारा माणूस घरात असतानाच मेन स्विच पाडा, फ्रीज-पंखे चालू राहतात का, राऊटर रीस्टार्ट होतो का, सगळं त्याच्यासमोर.

रोजच्या वापरात १५-२० ते ९० टक्क्यांत ठेवली तर आयुष्य वाढतं, पण एलएफपीचा व्होल्टेज मधल्या सगळ्या पट्ट्यात जवळजवळ सपाट असतो, त्यामुळे टक्केवारी हळूहळू चुकत जाते, महिन्यातून एक-दोनदा पूर्ण १०० भरू द्या म्हणजे बॅटरीतले सेल सारख्या पातळीवर येतात (बॅलन्स होतात) आणि आकडा जागेवर येतो. पॅनल धूळ बघून धुवा, सकाळी, पॅनल गार असताना.

आणि वर्षातून एकदा हे करा. बॅटरी पूर्ण भरा, चार्जिंग बंद करा, माहीत असलेला लोड लावा, समजा ५०० वॅट, आणि बंद पडेपर्यंत किती युनिट निघाली ते लिहून ठेवा. पहिल्या वर्षीचा आकडा बॅटरीच्या बाजूलाच चिकटवा, तारखेसकट. वॉरंटीत १० वर्षांनी ६० किंवा ७० टक्के क्षमता असं लिहिलेलं असतं, आणि तक्रार करायची वेळ आली की ॲपमधला आलेख पुसलेला असू शकतो, तुमच्या हातातल्या त्या आकड्यांवर बोलता येतं.